चटणीची जागा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय कमलाकरकाका, व्यासपीठावर बसलेले सत्कारमूर्ती धैर्यशीलदादा, त्यांच्या शेजारी उर्मिलावहिनी, मंडळाच्या कार्यवाह मेधाताई, गरुड संघातली आमची मुलंमुली, आणि हा खेळ नेमका काय आहे हे एकदाही न विचारता इतकी वर्षं सामन्यांना शिऱ्याचे डबे घेऊन येणारे आपण सर्व, आपल्याला नमस्कार.

कार्यक्रम उशिरा सुरू झाला. श्रीफळ सापडत नव्हतं. मेधाताईंनी ते शालीशेजारी ठेवलं होतं, आणि ऐन वेळी शाल होती, श्रीफळ नव्हतं. मग ते सापडलं. कुठं सापडलं ते शेवटी सांगतो.

मी थेट जुरोंग आयलंडहून येतोय. आमच्या प्लँटचं शटडाऊन, म्हणजे सगळं बंद ठेवून करायची दुरुस्ती, चालू आहे, शनिवारसुद्धा त्यात गेला. कंपनीच्या बसमध्ये झोप लागली, गळ्यातला पास अजून तसाच आहे. भाषण लिहून आणायचं राहिलं. तेव्हा जसं सुचेल तसं बोलतो. मला विषय दिला आहे ‘धैर्यशीलदादांचं संघाला योगदान’. आणि मेधाताईंनी बजावलं आहे, “चांगलं बोला हं, श्रीनिवास. आणि थोडक्यात.”

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. अमेरिकन फुटबॉल टीव्हीवर पाहिला असेल, शिरस्त्राणं घालून एकमेकांना आडवं पाडतात तो. त्याचा हा सौम्य भाऊ. इथं कमरेला फिती लावलेल्या असतात. चेंडू ज्याच्याकडे आहे त्याची फीत ओढली की तो थांबला. चेंडू हातानं फेकतात, आणि फेकणारा मुख्यतः एकच असतो. त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. बाकीचे त्यानं सांगितलेल्या दिशेला पळतात. तो चुकला तर सगळे चुकले. आमचा क्वार्टरबॅक पहिल्यापासून एकच आहे. तो आत्ता शाल पांघरून बसलाय. दादा, शाल असू द्या. या हॉलचा एसी कुणाच्या ताब्यात आहे ते मंडळालाही माहीत नाही.

दादा शिकायला अमेरिकेत होते तेव्हा हा खेळ शिकले. तुआसच्या कारखान्यात नोकरीला आले आणि इथं चार माणसं जमवली. कुणी पुण्यात क्रिकेट खेळलेला, कुणी काहीच न खेळलेला. मी दुसऱ्या प्रकारातला. मला पळता येत नव्हतं म्हणून मॅनेजर केलं. संघाचं नाव गरुड ठेवलं. ते नाव जरा घाईनं ठेवलं असं आता वाटतं.

मैदानावर दिशा सांगायची पद्धत दादांनी काढली. समोरच्या संघाला कळता कामा नये, आणि आपल्या माणसाला शिकवावी लागू नये. त्यांनी मैदानाचं ताट केलं. वाढलेलं ताट. मीठ वर, मधोमध. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. पुढ्यात वरणभात. दादा ओरडले ‘भाजी’, की उजवीकडे पळायचं. ‘चटणी’, डावीकडे. ‘वरणभात’, जवळच थांबून वळायचं. आणि ‘मीठ’ म्हणजे नाकासमोर, थेट टोकाला. मीठ ही सगळ्यात लांबची फेक. आपल्यापैकी कुणालाही हे शिकवावं लागलं नाही. डोळे मिटून कुणीही सांगेल, चटणी कुठं असते.

गेले दोन हंगाम दादांनी ‘मीठ’ म्हटलेलं नाही.

आता हे मी इथं का बोलतोय? कमलाकरकाका माझ्याकडे बघताहेत. काका, योगदानावरच येतोय. पण योगदान सांगायचं तर वजन करावं लागतं, आणि वजन करायचं तर दोन्ही पारडी लागतात.

एका पारड्यात हे: हात गेला आहे. अर्ध्या मैदानापलीकडे चेंडू जात नाही. पाय कधीच गेले. समोरची पोरं चहा पिऊन येतील इतक्या सवडीनं त्यांची फीत ओढतात. आम्ही तळाला आहोत, आणि तळाला जाताना चेंडू दादांच्याच हातात होता. अनुभवी खेळाडू हवा असं सगळे म्हणतात. खरं आहे. पण हरण्याचाही अनुभव होतो माणसाला, आणि त्याची सवय संघाला लागते. हे मी त्यांच्या पाठीमागे बोललेलो नाही. त्यांच्याशीच बोललोय, तेही सांगतो.

दुसऱ्या पारड्यात काय?

शेवटचा सामना आपल्यापैकी काहींनी पाहिला. जिंकलो असतो तर पहिल्या गटात राहिलो असतो. आधी वीज पडण्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला म्हणून सगळे शेडमध्ये उभे होतो. भोंगा थांबला, खेळ सुरू झाला, आणि शेवटच्या खेळीला दादा ओरडले, “चटणी!” वरुण पळाला. वरुण आमचा नवा मुलगा, इथंच वाढलेला, चपळ. तो उजवीकडे पळाला. चेंडू डावीकडे गेला आणि गवतावर पडला. तिथं कुणीच नव्हतं. सामना संपला.

बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसलं? म्हाताऱ्या माणसानं रिकाम्या जागी चेंडू टाकला. मुलं भोवती जमली. दादा कमरेवर हात ठेवून म्हणाले, “माझी फेक चुकली. चला, पाणी प्या.” एवढंच. सगळ्यांनी तेच धरलं. मंडळानंही तेच धरलं.

पुढच्या रविवारी त्यांनी नव्या मुलांना बिशानच्या घरी जेवायला बोलावलं. मीही होतो. वहिनींनी टेबल भिंतीला सरकवलं होतं आणि खाली ताटं मांडली होती. मुलांना मांडी घालता येईना. वहिनी वाढत होत्या. वरुण आपल्या ताटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “दादा, चटणी लेफ्टला?”

“हो.”

“बट सांबल ऑलवेज ऑन द राइट, व्हॉट.”

आधी कुणाला काही कळेना. मग जाई हसायला लागली. जाई आमच्या संघातली, विद्यापीठात शिकते, हात चांगला आहे तिचा. तिनं उलगडून सांगितलं. वरुणच्या घरी आईबाबा दोघं नोकरीला. त्याचं जेवण लहानपणापासून हॉकर सेंटरच्या स्टॉलवर. त्याच्या इमारतीखालच्या स्टॉलवर नासी लेमाकच्या ताटात भाताच्या उजवीकडे मिरचीचं तिखट सांबल असतं. त्याच्या लेखी चटणी म्हणजे तेच. तो बरोबर पळाला होता. त्याच्या ताटाप्रमाणे.

वहिनी म्हणाल्या, “अरे, मग विचारायचंस तरी.”

“आय थॉट एव्हरीबडी नोज, आंटी.”

दादा म्हणाले, “मलाही तसंच वाटलं होतं.” आणि वरुणला आणखी चटणी वाढायला सांगितली. डावीकडे.

मी त्या दिवशी परतताना बसमध्ये विचार करत होतो. त्या माणसाच्या हातात आता काही नाही. पण जे आहे ते दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि ते टाकून दिलं तर पुढच्या हंगामात आमची पोरं अचूक फेकतील आणि निरनिराळ्या दिशांना पळतील.

मग मंडळाची बैठक झाली. काका, रागावू नका, सगळे आपलेच आहेत. कमलाकरकाका म्हणाले, “धैर्यशील दमलाय. त्याला मानानं मोकळं करू.” मेधाताई म्हणाल्या, “मग सत्कारच करू या. हॉल मिळतोय.” जाई खेळाडूंच्या वतीनं बसली होती. तिनं विचारलं, “अंकल, सत्कार मीन्स ही कॅनॉट प्ले, अह?”

काका म्हणाले, “अगं, सत्कार झालेला माणूस पुढच्या शनिवारी परत मैदानावर दिसला, तर सत्काराला अर्थ काय राहिला?”

“देन डोन्ट सत्कार, लाह.”

हसू नका. बैठकीतही सगळे हसले, आणि पुढचा विषय घेतला. ती पुढं जे बोलली ते नीट ऐकलं गेलं नाही. ती म्हणाली, “मी टाकेन चेंडू. पण मला चेंडू द्यायला दादा पाहिजेत.”

आपल्याकडे माणसाला जा म्हणत नाहीत. आपण त्याला शाल देतो. तो समजतो. ही आपली पद्धत आहे आणि वाईट आहे असं मी म्हणणार नाही, माझ्या वडिलांनाही अशीच एक शाल मिळाली होती. पण निदान आधी सांगतात. इथं काकांना वाटलं मेधाताई बोलल्या, मेधाताईंना वाटलं मी बोललो, मला वाटलं अध्यक्ष बोलले असतील. आणि व्हॉट्सअॅपवर पत्रिका गेली. दादांचा मला फोन आला.

“श्रीनिवास, पत्रिका बघितली. फोटो बरा आलाय.”

“हो, दादा.”

“निरोप समारंभ लिहिलंय. मी कुठं चाललोय?”

मी म्हटलं, दादा, तुमचा हात गेलाय. ते म्हणाले, “मला माहीत नाही होय? शर्ट घालताना उर्मिला बाही धरते.” मग म्हटलं, तुमच्या मनात काय आहे? मागं वहिनींचा मिक्सर चालू होता. मग म्हणाले, “मनात काय ते कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. आता पत्रिका निघाली. येतो मी. कुर्ता इस्त्री करून ठेवलाय.”

तर असे ते आले आहेत. शांतपणे शाल घेतली, फोटो काढू दिला.

आता श्रीफळाचं. मेधाताईंनी मला शोधायला पाठवलं. मी मागच्या कॉरिडॉरमध्ये गेलो, जिथं खुर्च्या रचून ठेवल्या आहेत. तिथं दादा होते. रेशमी कुर्ता, दोन्ही पाय फाकवून वाकलेले, पुढ्यात जमिनीवर नारळ. त्यांच्या मागं चार पावलांवर जाई, पदर खोचलेला, हात पुढं. दादांनी पायांमधून नारळ मागं दिला. तिनं झेलला. त्या वाकण्यात त्यांच्या तोंडून आवाज आला, गुडघ्याचा म्हणा. जाई म्हणाली, “दादा, पेन ऑर नॉट?”

“पुन्हा,” दादा म्हणाले.

त्यांनी मला पाहिलं नाही. मी परत आलो आणि मेधाताईंना सांगितलं, मिळेल, पाच मिनिटं थांबा.

आमच्या खेळात त्या जागेला सेंटर म्हणतात. वाकायचं, क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू द्यायचा, आणि दोन पावलं पुढं जाऊन वळायचं. वरणभाताची जागा. लांब फेकावं लागत नाही. कुणी बघत नाही. टाळ्या पडत नाहीत. दर खेळीला गुडघे दुखतात.

मंडळानं सगळं ठरवलं, पण संघ निवडायचं काम अजून माझ्याकडे आहे. म्हणून या व्यासपीठावरून बोलतो. क्वार्टरबॅक धैर्यशील यांना आज निरोप. त्यांची ती जागा संपली, आणि ती योग्य वेळी संपली असं माझं मत आहे. पुढच्या हंगामात चेंडू जाई फेकेल. काका, आपला समारंभ वाया गेलेला नाही. मागच्या फलकावर ‘निरोप समारंभ’ लिहिलंय, तेही खोटं नाही.

सेंटरची जागा रिकामी आहे. दादा, ती तुम्हाला मान म्हणून देत नाही. दुसऱ्या गटातही आपण बहुधा हरू, हेही सांगून ठेवतो. तुम्हाला आधी कुणी विचारलं नव्हतं, म्हणून चारचौघांत विचारतो. याल?

नाही, माईक नको त्यांना. त्यांनी श्रीफळ वहिनींच्या मांडीवर ठेवलंय आणि शाल काढून घडी घालताहेत. मला कळलं. शनिवारी सकाळी, नेहमीच्या मैदानावर. भोंगा वाजला तर शेडमध्ये.

आपण सगळे आलात, थंडीत बसलात, या दमलेल्या माणसाचं ऐकून घेतलंत, त्याबद्दल मंडळाचा, अध्यक्षांचा आणि आपला आभारी आहे. सत्काराच्या भाषणात जे बोलू नये ते मी बरंच बोललो. मोठ्यांनी ते पोटात घालावं, आणि मेधाताईंनी मला पुढच्या वेळी बोलायला लावू नये.

एक सूचना राहिली. आज जेवण पंगतीचं आहे. वाढायला जाई आणि वरुण आहेत. चटणी कुठं वाढायची हे कृपया त्यांना कुणी सांगू नका.