साध्या पातेल्यातली चिमूटभर साल

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील संचालकसाहेब व पाहुणे, वनौषधी विभागातील सर्व मंडळी, आणि पहिल्या रांगेत ‘हे आता काय बोलणार’ या काळजीत बसलेल्या माझ्या दोघी, म्हणजे माझी पत्नी आणि आजची सत्कारमूर्ती असलेली आमची कन्या,

माझे सारे आयुष्य छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेले. समोरची चूक तशीच जाऊ देणे मला जमत नाही. निमंत्रणपत्रिकेत ‘सेवानिवृत्ती निमित्त’ असे तोडून छापले आहे. ते मी घरीच जोडून घेतले. परंतु संचालकसाहेब, आपण आत्ता दोन विधाने केलीत. एक, कन्येचा काढ्यावरचा पहिला अभ्यास निधीअभावी थांबला. दोन, आईच्या काढ्याने खोकला बरा होतो हे तिने सिद्ध केले. आपले प्रेम मला कळते. मात्र दोन्ही विधाने चुकीची आहेत. खरी हकिकत सांगण्यास मी पत्नीची परवानगी घेतली आहे. तिला न विचारता बोलण्याची माझी छाती नाही.

आमच्या घरी खोकल्यावर एका सालीचा काढा होत असे. त्यात खरोखर काही गुण आहे का, हे कन्येला तपासायचे होते. त्यासाठी रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला काढा, दुसऱ्याला त्याच रंगाचे, तितकेच कडू, पण साल नसलेले पाणी. कोणाला काय मिळते, हे रुग्णांना ठाऊक नसायचे. काढा आईच्या हातचाच हवा, म्हणून ती रोज येथे येऊन दोन्ही पातेली चढवी. निधी? निधी भरपूर होता!

मग एके दिवशी प्रयोगशाळेच्या तपासणीत दोन्ही पातेल्यांत साल सापडली. कन्या घरी आली ती पांढरीफटक पडून.

“आई, साध्या पातेल्यात साल घातलीस?”

“चिमूटभर.”

“अगं, का?”

“ती खिडकीजवळची बाई माझ्याच वयाची आहे. खोकून खोकून कमरेत वाकते. तिला नुसतं कडू पाणी द्यायचं? माझा हात होईना.”

“पण आता कुणाला काय दिलं, ते कळणारच नाही!”

“न कळायला काय झालं? सगळ्यांना औषध दिलं.”

मी हसलो. दोघींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी आजतागायत विसरलेलो नाही.

त्याच महिन्यात विभागप्रमुखपदाची निवड होती आणि कन्येचे नाव सर्वांत वर होते. ती गप्प बसली असती, तर कोणाला कळले असते? आणि बोलली असती, तर आईची नाचक्की. ती जेवली नाही, म्हणून आईही जेवली नाही. शेवटी तिची आईच म्हणाली, “समितीपुढे उद्या मीही येते. माझं मी सांगेन.”

अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीच्या अध्यक्षांनी विचारले, “बाई, आपण असे का केलेत?”

ही म्हणाली, “साहेब, तुम्हाला खोकला झाला, तर कुठल्या पातेल्यातलं चालेल?”

अभ्यास मात्र रद्द झाला, आणि पद दुसऱ्याला गेले. ते येथेच बसले आहेत. उत्तम गृहस्थ आहेत.

कन्येने आईचा प्रश्न सोडला नाही. नव्या अभ्यासात दोन्ही गटांना डॉक्टरांचे नेहमीचे औषध दिले. काढा किंवा साधे पाणी त्यावर वेगळे. कोणीही औषधाविना राहिला नाही. पातेली मात्र आईला शिवू दिली नाहीत! निष्कर्ष निघाला तो असा: काढ्याने खोकला लवकर बरा होत नाही; घसा थोडा लवकर निवतो, इतकेच. कन्या तो निष्कर्ष आईला वाचून दाखवताना अडखळली.

आई म्हणाली, “मग? मी तरी कधी याहून जास्त म्हटलं होतं?”

त्या दिवशी दोघी पुन्हा पोटभर जेवल्या.

आपण माझ्या लेकीला सांभाळलेत, तिच्या आईलाही सांभाळून घेतलेत. याबद्दल मी आपला ऋणी आहे. बोलताना कोणाचे मन दुखावले असेल, तर वडीलधारा म्हणून पोटात घाला. भाषेची चूक आढळल्यास मात्र पोटात घालू नका, मला सांगा.

जाता जाता मानपत्रातील तारखा दुरुस्त करतो.

पहिला अभ्यास सुरू: जून नव्हे, १२ जुलै १९९३.

अभ्यास रद्द: १९९५ नव्हे, ४ फेब्रुवारी १९९४.

विभागप्रमुखपदी नेमणूक: १ मार्च नव्हे, १ एप्रिल २००१.

संशोधनास प्रारंभ: मानपत्रात नोकरीची तारीख आहे. ती चूक. चार वर्षांची असताना पोरीने काढ्याचा पहिला घोट थुंकला आणि विचारले, “आई, यात काय घातलंस?” प्रारंभ तो. त्याची तारीख माझ्याकडे नाही. तिची आई म्हणते, गुरुवार होता. पुरावा काही नाही. तरीही तसेच छापावे.