ओट्यातली फट

अहो, ओट्याचा ग्रॅनाइट कापून नवी शेगडी बसवणं हे दगडाचं काम आहे, असं मला वाटत होतं. आमच्या घरी ते पंचांगाचं निघालं.

दगड कापायला मंजण्णा आला होता. घरभर धूळ उडवून त्याने भोक पाडलं, शेगडी त्यात बसवली आणि म्हणाला, "अम्मा, कडेची फट आता सिलिकॉनने भरतो. ते सुकू दे. पेटवायची नाळे, उद्या."

"उद्या अमावास्या," सासूबाई म्हणाल्या. "आणि आज थोड्या वेळात राहुकाळ लागतोय. सिलिकॉन नंतर. आधी दूध!"

नव्या शेगडीवर पहिलं दूध उतू घालवायचं, ही आमच्याकडची रीत. ते पूर्वेला सांडलं तर घराची भरभराट. सासूबाईंनी पातेलं चढवलं. मी, माझा नवरा, मंजण्णा, सगळे ओट्याच्या पूर्वेकडे डोळे लावून उभे. दूध फसफसून वर आलं, उतू गेलं आणि दिसेनासंच झालं. ना पूर्वेला, ना पश्चिमेला. खालून टपटप आवाज यायला लागला.

मी ड्रॉवर उघडला. चमचे दुधात बुडाले होते.

"अम्मा, म्हणून तर नाळे म्हटलं," मंजण्णा पुटपुटला.

मला रडूच यायचं बाकी होतं. सासूबाईंनी वाकून ड्रॉवर नीट न्याहाळला.

"अगं, पूर्वेला गेलेलं वाहून जातं. हे बघ, सगळं कसं घरातच जमा झालंय!" मग मंजण्णाकडे वळून म्हणाल्या, "ती फट अजिबात बुजवायची नाही हं!"