पाचव्या वळणावरच्या खाचा

(फेब्रुवारी २००९. स्कॉटलंडमधल्या एका जंगलात स्की क्लबची शेड. दुपारचे साडेतीन. शशिधरकाका ट्रॅकवरून पायी फेरी मारून आलेत. कस्तुरी स्नोमोबाईलवरचा आणि तिच्यामागे जोडलेल्या, स्कीसाठी खाचा पाडणाऱ्या साच्यावरचा बर्फ झाडतेय.)

शशिधर : पाचव्या वळणावर खाचा तू पाडल्यास?

कस्तुरी : हो काका. आता तिथे स्की अगदी रुळावरून गेल्यासारखी जाईल.

शशिधर : मी तिथे खाचांचा साचा वर उचलतो. तीन आठवडे मागे बसून बघितलंस ना?

कस्तुरी : बघितलं. म्हणूनच उतार मोजला. साडेतीन डिग्री. साचा फक्त तीव्र उतारावर उचलायचा, असं तुम्हीच शिकवलंत. मला वाटलं...

शशिधर : काय वाटलं?

कस्तुरी : की तुम्ही विसरता. तीव्र उताराचं आठवं वळण समजून पाचव्याला उचलता.

शशिधर : वा! म्हणजे मला आता वळणंही मोजता येत नाहीत.

कस्तुरी : सॉरी, काका.

शशिधर : बर्फाचं तापमान किती?

कस्तुरी : उणे अर्धा. दुपारी शून्यावर होतं, नुसते ओले गोळे होत होते. आता उतरतंय. तासाभरात घट्ट होईल सगळं.

शशिधर : मग त्या खाचा लोखंडासारख्या होतील. चल, मशीन काढ. पुसून येऊ.

कस्तुरी : मशीन परत फिरवलं तर खालचं गवत वर येईल. वीतभर बर्फ आहे तिथे जेमतेम. आणि काका, येतं कोण? आज दिवसभरात दोघं आले. त्यातला एक कुत्रा.

शशिधर : कुत्रा नियमित आहे. त्याला नावं ठेवू नकोस.

कस्तुरी : खरं कारण सांगा ना.

शशिधर : यमुना तिथे घाबरायची. पन्नाशीनंतर शिकली, तीही माझ्या हट्टापायी. खाचांत पाय अडकले की तिला वेग आवरता यायचा नाही. मोकळा बर्फ असला की टाचा फाकवून हळूहळू उतरायची, मला शिव्या देत. या अख्ख्या जंगलात तेवढंच मराठी ऐकू यायचं.

कस्तुरी : काकूंना जाऊन...

शशिधर : सहा हिवाळे.

कस्तुरी : क्लबमध्ये माहितीये कुणाला?

शशिधर : ग्रॅहमला वाटतं, तिथे खाली झाडांची मुळं आहेत. वाटू दे. शनिवारी आमचा मिलिंद येतोय लीड्सहून, मला न्यायला. आता कायमचाच त्याच्याकडे. शेडची किल्ली तुझ्याकडे राहील, म्हणून तुला सांगणारच होतो.

कस्तुरी : काका, मला नोकरी मिळाली. हाउन्सलोला, पार खाली दक्षिणेत. मार्चपासून.

शशिधर : कधी कळलं?

कस्तुरी : मागच्या मंगळवारी.

शशिधर : आणि मी कालपर्यंत तुला कुलूप कसं अडतं ते दाखवत होतो.

कस्तुरी : तुम्ही इतकं मनापासून दाखवत होतात. मध्येच सांगवेना.

शशिधर : हं. काम काय आहे?

कस्तुरी : एअरपोर्टजवळची हवा मोजायची. किती धूर, किती धूळ.

शशिधर : मोजायचंय ना? मग तुला करमेल.

कस्तुरी : काका, मशीन नको. ते दाताळं द्या. खाचा हाताने भरून येते.

शशिधर : एकटी?

कस्तुरी : तुम्ही आत्ताच चालून आलात. थर्मासमध्ये चहा आहे, तो प्या. पण आधी वहीत लिहून घेते, ग्रॅहमसाठी. आता ट्रॅक त्यालाच करावा लागेल. 'पाचवं वळण, साचा उचलणे.' कारण?

शशिधर : मुळं.

कस्तुरी : तिथे मुळं नाहीयेत, काका.

शशिधर : लिही गं. मुळं म्हटलं की कुणी उतार मोजत बसत नाही.

कस्तुरी : बरं, लिहिलं. कुठपर्यंत मोकळं सोडायचं? काहीतरी खूण हवी त्याला.

शशिधर : त्या वाकड्या बर्चच्या झाडापर्यंत. तिथे थांबून ती मागे बघायची, मी येतोय ना म्हणून.