घरबसल्या एस्पेरांतो

...सोपी आहे म्हणे! जगातली सगळ्यात सोपी भाषा! पहिल्याच पानावर छापलंय हो, मी काही मनचं सांगत नाही, 'ही भाषा कोणालाही घरबसल्या, गुरूशिवाय येते', आता कोणालाही म्हणजे कोणालाही ना? खाली बारीक अक्षरात 'अमुक गृहस्थ सोडून' असं कुठे छापलेलं नाही, भिंग घेऊन पाहिलंय मी. एस्पेरांतो. नाव ऐकलंय का कधी? नसेलच. ऐकलं असतंत तर असे आरामात बसला नसतात. तर ही भाषा कुठल्या एका देशाची नाही, कोणाच्या आईची नाही, कोणाच्या बापाची नाही, एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी बसून बनवली, की सगळ्या जगानं एकमेकांशी गोडीनं बोलावं. आता डोळ्यांच्या डॉक्टरांनी माणसाच्या जिभेत कशाला लक्ष घालावं, हा माझा प्रश्न आहे, पण ते जाऊ द्या.

तुम्ही म्हणाल, तुम्हाला कोणी सांगितलं होतं शिकायला? कोणी नाही. ते पुस्तक माझ्या कपाळावर आलं. म्हणजे नशिबानं नव्हे हो, खरोखर कपाळावर आलं, इथे, अजून खूण आहे. त्याचं काय आहे, मी गिझर दुरुस्तीच्या कंपनीत तक्रार खिडकीवर बसतो. दुरुस्ती मी करत नाही, गिझर आतून कसा असतो मला ठाऊक नाही, मी फक्त ऐकून घेतो. पगार त्याचाच आहे. गार पाण्यानं अंघोळ करून आलेला माणूस काय काय बोलतो तुम्हाला कल्पना नाही. साधे लोक गाढव म्हणतात. शिकलेले लोक 'तुम्हाला बसवलंय कोणी इथे?' म्हणतात. एक म्हातारे गृहस्थ तर नुसते बघत राहतात, ते सगळ्यात वाईट. आणि एक दिवस एका गृहस्थांच्या हातात दुसरं काहीच नव्हतं म्हणून त्यांनी हातातलं पुस्तक फेकलं आणि तरातरा निघून गेले. साहेब आतून बाहेर आले, मला वाटलं विचारतील लागलं का, तर म्हणाले, ''पुस्तक ग्राहकाचं आहे, फाटायला नको, ठेवा नीट.'' ठेवलं. गृहस्थ परत आलेच नाहीत. त्यांचा गिझर अजून तसाच आहे.

मग डोक्याला टेंगूळ, दुपारची वेळ, खिडकीवर कोणी नाही, उघडलं पुस्तक. आणि तुम्हाला सांगतो, मी त्या पुस्तकाच्या प्रेमात पडलो. का? कारण त्यात एक कुटुंब आहे. बाप चांगला आहे. आई चांगली आहे. मुलगी चांगली आहे. कुत्रा, तोसुद्धा चांगला आहे! पहिल्या धड्यापासून शेवटच्या धड्यापर्यंत कोणी कोणाला वाकडा शब्द बोलत नाही. सहाव्या धड्यात बाप कामावरून घरी येतो, आणि आईनं काय म्हणावं? आई म्हणते, 'तू दमला आहेस, बस.' बस! एवढंच! मी ते वाक्य वाचलं आणि डोळे पुसले, खोटं कशाला सांगू. मी घरी येतो तेव्हा आमची ही काय म्हणते माहीत आहे? ''पाय पुसा.'' वर मान नाही करत. आणि हिचा भाऊ, आमचा मेहुणा, वरच्या मजल्यावर राहतो पण जेवतो खाली, तो माझ्याच खुर्चीत बसून म्हणतो, ''दाजी आले का? मला वाटलं वाऱ्यानं दार वाजलं.''

आता खरं दुखणं सांगतो. आपल्या भाषेत मला सगळं म्हणून झालंय. शिल्लक काही नाही. वडील म्हणाले, मास्तर म्हणाले, साहेब म्हणाले, सासऱ्यांनी तर लग्नाच्या बोलणीतच म्हणून घेतलं, नंतर वेळ मिळेल न मिळेल. ठोंब्या, शंख, नंदीबैल, मातीचा गोळा, कुठलाही शब्द उचला, तो माझ्यावर एकदा तरी वापरलेला आहे. आणि इथे ही एक अख्खी भाषा, कोरी करकरीत, हजारो शब्द, आणि त्यातला एकही मला कोणी लावलेला नाही! या एका भाषेत मी अजून मूर्ख नव्हतो हो. एवढीच माझी इस्टेट होती, आणि ती जपायची होती. आणि दुसरं सुख सांगू? पुस्तकाच्या शेवटची उत्तरांची पानं फाटलेली. म्हणजे मी स्वाध्याय सोडवायचे आणि चूक की बरोबर सांगायला जगात कोणी नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी करत होतो आणि चूक काढणारा माणूसच नव्हता!

लागलो शिकायला. पहाटे उठून, स्वयंपाकघरात उभा राहून, मोठ्यांदा. सोपी आहे म्हणे, म्हटलं होऊन जाऊ दे. 'हे टेबल आहे. टेबल मोठं आहे.' ही उशीत तोंड खुपसून ओरडते, ''अहो, टेबल आहे ते माहीत आहे सगळ्यांना, निजू द्या!'' मेहुणा एक दिवस समोर बसला, पाय हलवत, म्हणाला, ''दाजी, मला एक सांगा, ही भाषा बोलणारा माणूस तुम्हाला भेटणार कुठे?'' म्हटलं, जगभर आहेत. तर म्हणतो, ''जगभर आहेत, पण इथे कोणी नाही, बरोबर? मग तुम्ही अगदी योग्य भाषा निवडलीत. आपल्या भाषेत तरी तुमच्याशी कोण बोलतंय?'' ही हसली. चहा नाकात जाईपर्यंत हसली. लग्न झाल्यापासून ही एवढी हसलेली मी पाहिली नव्हती, आणि ती माझ्यावर.

तेव्हा माझं डोकं फिरलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते मी इथे केलं. या भाषेवाल्यांची एक पद्धत आहे. तुम्ही आपलं नाव कळवून ठेवायचं, आणि कुठल्याही देशातला एस्पेरांतोवाला तुमच्या घरी पाहुणा म्हणून उतरतो. फुकट. बदल्यात काय? घरात तीच भाषा बोलायची. मी म्हटलं, वा! पाहुणा घरात आहे तोवर घरात एस्पेरांतो. म्हणजे ही गप्प. मेहुणा गप्प! माझ्या घरात मी बोलतोय आणि बाकीचे माझ्या तोंडाकडे बघतायत, असं एकदा, फक्त एकदा व्हावं, दुसरं काही मागणं नव्हतं माझं. दिलं नाव कळवून.

आल्या एक बाई. उंच, साठीच्या पुढच्या, कुठल्याशा थंडगार देशातल्या, दातांच्या डॉक्टर. दारात उभ्या राहिल्या आणि सुरू झाल्या, आणि तुम्हाला सांगतो, जिना उतरताना पाय घसरावा तशी ती भाषा एकदम अंगावर आली. पुस्तकातली माणसं कशी, एक वाक्य बोलतात, थांबतात, उत्तर लिहायला खाली रेघ असते. या बाईंना रेघच नाही! मला त्यातलं कळलं किती? 'आणि'. दोनदा 'आणि' कळलं. तरी मी डगमगलो नाही, छाती पुढे काढली, बोनवेनोन म्हणालो, म्हणजे सुस्वागत, आणि पाठ केलेलं सगळं म्हणून टाकलं: हे घर आहे. घर मोठं नाही. ही माझी बायको आहे. हा माझ्या बायकोचा भाऊ आहे. कुत्रा नाही. बाईंनी हिच्याकडे पाहिलं, मेहुण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळून माझे दोन्ही हात हातात घेतले. दाढ काढायच्या आधी घेत असतील तसे.

सोपी आहे म्हणे! जेवायला बसलो. त्या काहीतरी विचारायच्या, मी खिशातून छोटा कोश काढायचा, शब्द शोधायचा, सापडायचा, आनंदानं मान वर करायची, तर तोवर सगळ्यांचं हसून झालेलं! पुढचा विषय! कारण आमच्या हिला काही लाजलज्जा आहे का? माझ्या पहाटेच्या घोकंपट्टीतला एकच शब्द हिच्या कानात अडकलेला, 'मांजू', म्हणजे खा. तेवढ्या एका शब्दावर ही संसार चालवते हो! मांजू म्हणून वाढते, मांजू म्हणून दटावते, मांजू म्हणत त्यांना बाजारात घेऊन गेली, तिथून दोघी हातात हात घालून परत आल्या. आणि मेहुणा! त्याला गप्प बसवायला मी हा घाट घातला, तर तो हातापायांनी बोलायला लागला. स्कूटरवरून पडल्याची हकिकत केली त्यानं, शब्द एक नाही, खुर्चीची स्कूटर केली, स्वतः पडला, डॉक्टर झाला, प्लास्टर झाला. बाई टेबलावर थापा मारून हसतायत. मी मध्ये म्हटलं, शुद्ध भाषेत, 'तो खुर्चीवर बसतो.' सगळे थांबले. बाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली, आणि मग पुन्हा सगळे हसले, पण आता वेगळ्या गोष्टीवर.

अहो, वर्ष घातलं मी! वर्ष! ज्याचं लग्न त्यालाच मागच्या रांगेत बसवावं तसं झालं. कोरी भाषा म्हणून मी जपून ठेवली, आणि त्या भाषेच्या पाहुणीपुढे माझ्याच घरात मी सोडून सगळे बोलतायत. तरी मी काय म्हणत होतो मनाशी? जाऊ दे. बोलता नाही आलं, नाही आलं. कोणी काही म्हटलं तर नाही ना. या भाषेत अजून पाटी कोरी आहे.

निघायचा दिवस आला. बाई दाराशी, ही समोर, दोघींचे डोळे भरलेले, मेहुणा दाराच्या चौकटीला टेकून उभा, आणि मी? माझ्या हातात बाईंची बॅग. हमाल. आणि बाईंना हिला काहीतरी सांगायचं होतं, मनापासून सांगायचं होतं, म्हणून त्या पहिल्यांदाच हळू बोलल्या. एकेक शब्द सुटा. लहान मुलाला सांगतात ना, 'आ कर, मोठा आ कर', तसं. आणि बोलताना त्यांनी बोट माझ्याकडे केलं, माझ्याकडे बघून गोड हसल्यासुद्धा, कारण इतक्या दिवसांत त्यांची एक खात्री झाली होती, की या माणसाला आपल्या भाषेतलं एक अक्षर कळत नाही.

म्हणाल्या, 'तुझा नवरा वाईट नाही. पण फार कंटाळवाणा आहे. तू बिचारी कशी राहतेस?'

तुम्हाला सांगतो, कळलं. सगळं कळलं! शब्दन् शब्द! कोश खिशातच राहिला. वर्षभराच्या अभ्यासात जिवंत माणसाच्या तोंडून आलेलं आणि मला संपूर्ण कळलेलं पहिलं वाक्य कुठलं, तर हे! आणि काय हो, वाईट वाटलं ते वाटलंच, पण त्याच्या शेजारी, लाज वाटते सांगायला, थोडा आनंदही झाला. येते की मला भाषा!

ही वळली माझ्याकडे. ''अहो, काय म्हणाल्या त्या?'' मांजूच्या पलीकडे हिला काय कळणार. मेहुणा म्हणाला, ''सांगा की दाजी. आता तुमच्याशिवाय आहे कोण?'' आणि थट्टा नव्हती हो त्याच्या आवाजात. बाई हसून वाट बघतायत. तिघं माझ्या तोंडाकडे बघतायत, आणि बोलायचं आहे मला एकट्याला. मागितलं होतं ना? घ्या.

मी घसा खाकरला. म्हटलं, ''त्या म्हणतात, तुमचे यजमान फार हुशार आहेत. तुम्ही नशीबवान आहात.''

हिनं बाईंकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, अगदी सावकाश, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मायेनं म्हणाली, ''अहो, राहू द्या. नका एवढा त्रास करून घेऊ. वर्ष घातलंत बिचाऱ्यांनी, पण नाही हो येत तुम्हाला ती भाषा.''

आता सांगा. येते म्हणून सिद्ध करायचं, तर काय म्हणाल्या ते खरं सांगायला हवं. आणि ते सांगितलं, की मेहुण्याला थट्टेसाठी जन्मभराचं खाद्य. मी दोघांकडे पाहिलं, बॅग या हातातून त्या हातात घेतली.

म्हटलं, ''हो ना. कठीणच आहे जरा.'' आणि जिना उतरायला लागलो.