लोकरीचा दगड

ताई : ‘दगडाची गं लोकर, हात लावता उडाली…’ आईचा आवाज अजून तसाच येतो कानात. पुढचं काय होतं रे, ठोक्या?

गवंडी : ‘माझ्या बाळाच्या उशीत, थोडी थोडी मी भरली.’ भिंतीच्या फटीतून ती पांढरी लव ओढून काढायची आणि गुणगुणायची. एक उशी तुझी, एक माझी. तुझी जरा जास्त फुगीर असायची. मी काही विसरलेलो नाही.

ताई : तू उशीवर डोकं कमी आणि पाय जास्त ठेवायचास. अरे, ती पिशवी उघडू नकोस. आहे तशीच दे माझ्याकडे.

गवंडी : आपल्याच घराचा दगड आहे, ताई. साप नाही निघायचा त्यातून.

ताई : तशीच दे म्हटलं ना. आणि पोरी, तू तिकडे दाराजवळच्या खुर्चीवर बस. पंखा लावू नकोस.

भावजय : एवढ्या उकाड्यात पंखा नको? वन्सं, तोंडाला फडकं बांधलंत, हातात मोजे घातलेत, आता दगडाला काचेच्या पेटीत बसवताय. मी तर सबंध प्रवासभर ती पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

ताई : मांडीवर?

भावजय : मग, ह्यांच्या मांडीवर जेवणाचा डबा होता. तो हे कुणाला देतात?

ताई : बरं. घरी गेल्यावर ती साडी ओली करून धुवायला टाक. झटकू नकोस. प्रयोगशाळेची रीत आहे गं, अनोळखी दगड आला की आधी पेटीत.

गवंडी : अनोळखी कसला? तुझ्या-माझ्या पाळण्याच्या आधीपासून घरात आहे. तुझंच म्हणजे दिव्याखाली अंधार. जगभरचे दगड तपासलेस, घरचा तेवढा राहिला. आणि आता एकाएकी निरोपावर निरोप, की फटीतली लव घेऊन ये. का गं?

ताई : सहज.

गवंडी : सहज तर सहज. आम्हाला फक्त हो का नाही ते सांग, म्हणजे संध्याकाळच्या गाडीनं परत जातो. हिची अट आहे, वन्संनी दगड पास केल्याशिवाय बाळाच्या खोलीचा पाया भरायचा नाही. मी मागच्या खाणीतून चिरे कापून रचून ठेवलेत आणि ही त्यांच्याकडे बघते कशी, जणू चोरीचा माल आहे.

भावजय : तुम्हाला हसायला काय जातं? नळावर मी उभी असते, ऐकावं मला लागतं. कोपऱ्यावरची म्हातारी परवा माझ्या पोटाकडे बघत म्हणाली, त्या घरात माणसं छातीनं जातात, तू आपली माहेरी जा बाई.

गवंडी : त्या म्हातारीची जीभ म्हणजे बिनदांड्याची कुऱ्हाड. कुठं जाऊन पडेल, नेम नाही.

भावजय : असेना. सासूबाई छातीत पाणी होऊन गेल्या, हे खोटं आहे? आत्याबाई तशाच गेल्या. लोक म्हणतात, ह्यांच्या रक्तातच खोट आहे. रक्तात असेल तर ती माझ्या बाळातही उतरली. मग खोली दगडाची बांधा नाहीतर सोन्याची.

ताई : आई आणि आत्या एका रक्ताच्या नव्हत्या, पोरी.

भावजय : हो की. एक लग्न होऊन ह्या घरात आली, एक लग्न होऊन ह्या घरातून गेली. हे माझ्या कसं लक्षात आलं नाही?

गवंडी : आता दोघी मिळून आमच्या घराण्याचं खोदकाम काढू नका. दगडाचं बोला.

ताई : दगडाचंच बोलतेय. बघ, हा सिलिकेट. म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं गोत. जमिनीतले बहुतेक दगड ह्याच गोतातले. त्यातलं एक घर झिओलाइटांचं. त्यांची बांधणी पोकळ असते, ठोक्या. आत खोल्याच खोल्या, खोल्यांना दारं, आणि खोल्यांतून पाणी कोंडलेलं. तापवलं की पाणी निघून जातं. निवला की हवेतलं पाणी परत आत ओढून घेतो.

गवंडी : आई तापल्या तव्यावर चिमूटभर चुरा टाकायची, तो उसळायचा, ते हेच?

ताई : तेच. त्या नावाचा अर्थच उकळणारा दगड. बहुतेक झिओलाइट गरीब स्वभावाचे. पाणी गाळायला वापरतात, मातीत मिसळतात. पण तुझ्या दगडाच्या फटीत जी लव आहे ना, तिच्यासाठी दोन नावं पुढे येतात. ऑफ्रेटाइट आणि एरिओनाइट. दोन्ही दुर्मीळ, दोन्ही केसासारख्या, दोन्हींचे स्फटिक सहा बाजूंचे. दुसरीचं नावच मुळी लोकरीवरून पडलंय. समोर ठेवल्या तर जुळ्या बहिणी. मोठमोठ्यांनी एकीच्या डबीवर दुसरीची चिठ्ठी चिकटवलेली आहे.

भावजय : इतक्या सारख्या, तर दोन नावं कशाला?

ताई : तुझ्या नवऱ्यानं दोन भिंती रचल्या असं धर. चिरे तेच, चुना तोच. एकीत दर तीन थरांनी रचना पहिल्यापासून सुरू होते, दुसरीत दर सहा थरांनी. बाहेरून बघणाऱ्याला काय कळणार? ह्या दोघींचं तेवढंच आहे. थर लावायची तऱ्हा.

गवंडी : आणि ह्यातली पडते कुठली?

ताई : भिंत पडत नाही रे. आत राहणारा पडतो.

गवंडी : म्हणजे?

ताई : एरिओनाइटचा केस उभा चिरत जातो. केसाचा केस होतो, त्याचाही केस होतो, दिसेनासा होईपर्यंत. श्वासाबरोबर आत गेला की फुफ्फुसाच्या अस्तरात जाऊन बसतो. न कुजतो, न विरघळतो. पोर लहानाचं मोठं होतं, त्याचं लग्न होतं, तरी हा गप्पच. मग एक दिवस धाप लागायला लागते.

भावजय : आणि ती दुसरी? तिची बहीण?

ताई : ऑफ्रेटाइटबद्दल असं काही कुणी पाहिलेलं नाही. निदान आजवर तरी.

भावजय : मग बघा ना, वन्सं. ह्यातली कुठली ते बघा.

ताई : त्याचीच तयारी करतेय. पेटीतच एक केस तेलाच्या थेंबात बुडवला. वर काच. आता इथे, मायक्रोस्कोपखाली. वरखाली उजेड गाळणाऱ्या दोन काचा आहेत, मधे ही चकती सरकवली की सगळं गुलाबी-जांभळं दिसतं. त्यात केस असा तिरका आणायचा, खाली डावीकडून वर उजवीकडे.

भावजय : उजव्या हाताच्या भिंतीला शिडी टेकवावी तसा?

ताई : अगदी तसा. शिडी अशी असताना केस निळा दिसला तर एरिओनाइट. पिवळा दिसला तर तिची बहीण.

गवंडी : एवढंच? एका केसाचा रंग? आमच्याकडे भिंत ओळंब्यात आहे का बघायला यापेक्षा जास्त खटपट लागते.

ताई : बोलू नकोस जरा.

गवंडी : हं.

भावजय : वन्सं?

गवंडी : अगं, बघू दे तिला. घाई केली की ती लहानपणापासून उलटी हळू चालते.

भावजय : कधीच्या बघताहेत. त्यांचा डोळा हललेला नाही.

ताई : तो पडदा नीट ओढ रे. उजेड येतोय.

गवंडी : ओढलाय की. अजून किती ओढू?

(ताई एका हातानं मायक्रोस्कोपची गोल तबकडी पाव फेरा फिरवते.)

ताई : ये. बघ.

गवंडी : काहीच दिसत… हां. गुलाबी आभाळ. मधे काडी. पिवळी. पिकल्या लिंबासारखी पिवळी. ताई, पिवळी आहे.

ताई : हं.

गवंडी : ऐकलंस का गं? पिवळी. मी उगाच जोरात बोलत होतो, ताई. येताना गाडीत डोळा मिटला की आईच दिसत होती, उशाला टेकून बसलेली. तिला आडवं होता येत नव्हतं, आठवतं?

ताई : आठवतं. ऐक. मी काय म्हणते, तुम्ही दोघं माझ्याकडेच राहायला या. बाळंतपण इथेच होऊ दे. दवाखाना दोन पावलांवर आहे आणि माझी मागची खोली रिकामी पडलीय. आजच राहा, परत जाऊच नका.

गवंडी : आज? आणि पाया कोण भरणार?

ताई : राहू दे तो पाया. फारच वाटलं तर विटांची बांध.

गवंडी : दारात चिऱ्यांची रास आणि गवंड्यानं विटा विकत आणायच्या? लोक तोंडावर हसतील. नाही, आता तर त्याच दगडाची. करवत लावली की लाकडासारखा कापला जातो, मैदा उडतो नुसता. तो मैदा चाळून ठेवलाय, आईसारखंच त्यानंच आतून सारवणार. आणि हिला सांगायचं नव्हतं, पण आता सांगतो. लव जमवलीय मी. मडकंभर. बाळाच्या उशीसाठी.

ताई : मडकं कुठे आहे?

गवंडी : आमच्या पलंगाखाली. का?

भावजय : अहो, सरका बाजूला. मलाही बघायचंय.

ताई : तू नको. तुला वाकवत नाही.

भावजय : वाकवतंय. … वन्सं, ही शिडी डाव्या भिंतीला टेकलीय.

गवंडी : कुठली शिडी?

भावजय : केस. ह्या म्हणाल्या ना, उजव्या भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखा हवा. हा उलटा पडलाय. आणि तुम्ही पडद्याशी होतात, तेव्हा ह्यांनी तबकडी फिरवलेली मी पाहिली.

गवंडी : तिला तिचं काम शिकवतेस?

भावजय : शिकवत नाही, विचारतेय. वन्सं, केस होता तसा परत आणला तर कुठला रंग दिसेल?

ताई : ठोक्या, त्या मडक्यावर झाकण आहे का?

गवंडी : तू हिला उत्तर दे आधी.

ताई : निळा.

गवंडी : मी पिवळा पाहिला. ह्या डोळ्यांनी.

ताई : निळ्याला पाव फेरा दिला की तो पिवळा दिसतो. पिवळ्याला दिला की निळा. म्हणून तर दिशा बघायची असते.

गवंडी : म्हणजे तू मला… ताई, मी त्या दगडाची खोली बांधायला निघालो होतो.

ताई : निघणार नाहीस असं वाटलं. वाटलं, तुम्हाला इथे ठेवून घेईन. बाळंतपण झालं की बाळाच्या थंडीचं निमित्त, मग दुसरं काही. सबबी काय, माहेरवाशिणीला थांबवून घ्यायला कमी असतात? हिला आणि बाळाला त्या भिंतींतून बाहेर काढायचं होतं मला, आणि तुझी झोप तेवढी शाबूत ठेवायची होती. तुला कळून काय हाती लागणार होतं? जे आत गेलंय ते बाहेर येत नाही. त्याला औषध नाही.

भावजय : म्हणजे रक्तात नाही.

ताई : नाही गं. तुझ्या बाळाच्या रक्तात काही नाही. तुम्ही तिथे परत जाऊ नका, बस.

भावजय : मला रडायला यायला हवं ना, वन्सं? आणि मला पहिल्यांदा मोकळा श्वास घ्यावासा वाटतोय. केवढी स्वार्थी मी.

ताई : कुठलीही आई असंच करते. घे श्वास. इथली हवा चांगली आहे.

गवंडी : अर्धी गल्ली मी बांधलीय.

ताई : माहीत आहे.

गवंडी : म्हातारीचा ओटासुद्धा. मागच्या उन्हाळ्यात. तिची नातवंडं त्यावर खेळतात, कपडे पांढरेफटक करून घेतात. मी वरून तिला म्हणालो होतो, आजी, असा मऊ दगड शोधून मिळणार नाही.

ताई : तुला कुठे ठाऊक होतं? मी आजच कळवते. माणसं येतील, नमुने नेतील, घरं रिकामी करायला सांगतील. तुला त्यांच्याबरोबर दारोदार जावं लागेल. लोक माझं नाही ऐकणार, तुझं ऐकतील.

गवंडी : लोक मला दगड मारतील.

भावजय : अहो, असं काय बोलता?

गवंडी : मारू देत. मऊच आहे तो. … जाईन मी. पण एक सांग, ताई. तू दगडांची डॉक्टर. दगड आत्ता पाहिलास. मग औषध नाही, हे एवढं ठामपणे कसं सांगतेस?

ताई : पुस्तकांत आहे.

गवंडी : पुस्तकातलं सांगताना तू माझ्याकडे बघतेस. आत्ता खिडकीकडे बघतेयस.

भावजय : वन्सं, बसा इथे. माझ्या खुर्चीवर बसा. दम लागलाय तुम्हाला.

गवंडी : ताई.

ताई : गेल्या महिन्यात माझ्या छातीतून पाणी काढलं, ठोक्या. डॉक्टर विचारत होते, लहानपणी कसल्या घरात राहायचात. मी म्हटलं, पांढऱ्या. थंडीत फार ऊबदार असायचं.