हळदीकुंकवातली ओळख

व्हय, नोकरी जायची वेळ आली, पण मी काय हटले न्हाय. आमच्या ऑनलाइन कॉम्प्युटर क्लासच्या पहिल्या तासाला मी शिकवलंच न्हाय. बायकांच्या जोड्या लावल्या आणि सांगितलं, "एकमेकींना फोन करा, आज भाजी काय केली ते विचारा."

संचालक सर भडकले. "मॅडम, हा क्लास हाय का हळदीकुंकू?"

"हळदीकुंकूच समजा. पण हे फोन बंद होणार न्हाईत."

तिसऱ्या आठवड्यात शाहूवाडीची सुनीता तासाला दिसेना. सर म्हणाले, "तिचं नाव काढा."

तेवढ्यात तिची जोडीदार, कबनूरची रेहाना, स्क्रीनवरनंच ओरडली, "नाव काढायचं न्हाय, सर! तिच्या गावात नेट बंद हाय. रोजचा धडा मी तिला फोनवर सांगते की!"

सर माझ्याकडं बघाय लागले. "हिला हे कराय कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय, सर. हळदीकुंकवातली ओळख हाय."