सरांच्या गाडीत राहिलेला माझा फोन

वडील रेल्वेच्या कारखान्यात वायरमन होते, त्यामुळे पक्कड, टेस्टर आणि काळी चिकटपट्टी हीच आमची खेळणी. जन्म बडोद्याचा, शाळा रावपुऱ्यातली मराठी, आणि आता घराबाहेर सगळे मला सुनीलभाई म्हणतात. पाणीगेटला दुकान आहे, गाड्यांच्या वायरिंगचं. पूर्वी लोक यायचे ते कॅसेट अडकली म्हणून, आता येतात ते फोन गाडीला जोडत नाही म्हणून. निम्म्या वेळा बिघाड नसतोच, गाडी जुना फोन धरून बसलेली असते. मग गाडीतून फोन काढायचा, फोनमधून गाडी काढायची आणि नव्यानं जोडायचं, एवढंच. पण गाडीचा दोष की फोनचा हे कळायला आम्ही आधी स्वतःचा फोन जोडून बघतो, आणि काम झालं की तो आठवणीनं काढायचा असतो. आठवणीनं, बरं का.

हरणीला आमच्या सोसायटीत खाली दिघे सर राहतात, वर आम्ही. सर मला आठवीत गणिताला होते. त्यांची गाडी आमच्या गॅलरीच्या बरोबर खाली उभी असते. काकूंचा गुडघा दुखतो, रोज सकाळी सरच त्यांना शेक घ्यायला नेतात. पुण्याच्या मुलाची, अमोलची, एकच अट, बाबा, फोन हातात घ्यायचा नाही, गाडीला जोडूनच बोलायचं. तर ते जोडून द्यायला सर दुकानी आले. मी माझा फोन जोडून बघितला, वर गाडीच्या यादीत त्याला पहिला नंबर दिला, म्हणजे जवळ असला की गाडी आधी तोच धरणार, मग सरांचा जोडला, तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि मी उठलो. माझा फोन राहिला तिथेच.

चार दिवसांनी सर जिन्यात भेटले, अरे सुनील, सकाळी निघताना जोडत नाही, बाजारात गेलो की जोडतो. मी चपला घालता घालता म्हटलं, सर, तुमचा फोन जुना झालाय, नवा घ्या ने. बघितलंसुद्धा नाही. सर पुन्हा आले, मी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आले तेव्हा मला कंटाळा आला होता, खोटं कशाला बोलू, मी म्हटलं, सर, तुम्ही चुकीचं बटण दाबत असाल.

त्या एका वाक्यानं काय केलं, काय सांगू तुम्हाला. अमोल सुट्टीला आला, त्यानं दुपारी गाडी चालू केली, सरांचाच फोन झटक्यात जोडला. दुपारी मी दुकानात असतो ना! तो म्हणाला, बाबा, माझं होतं, तुमचं होत नाही, तुम्ही विसरायला लागलात, गाडी विकून टाकू. काकूंनी सकाळ-संध्याकाळ ब्राह्मीच्या गोळ्या सुरू केल्या. आणि सर, ज्यांना अजून एकोणतीसचा पाढा पाठ आहे, ते माझ्या बायकोला म्हणाले, कल्पना, डोकं चालेनासं झालंय गं.

मग एका सकाळी कल्पना भाजीला गेलेली, तिचा फोन आला, मी उचलला तर आवाजच नाही. मी हॅलो हॅलो करतोय, आणि खालून, सरांच्या गाडीतून, माझ्या बायकोचा आवाज येतोय, अहो बहिरे झालात का, गॅस बंद केला का! सगळं एका क्षणात कळलं.

खाली धावलो. सर काकूंची काठी आणायला आत गेले होते, गाडी चालूच होती. मी दार उघडलं, यादीतून माझा फोन काढला, सर आणि काकू बाहेर आले तोवर त्यांचा जोडलेला. सर म्हणाले, केलंस की रे, शाब्बास. आणि मी ती शाब्बासकी घेतली हो, गप्प उभं राहून घेतली. तेवढ्यात ते म्हणाले, पण आता उपयोग नाही, रविवारी एक जण गाडी बघायला येतोय, गाडी ठीक आहे रे, मीच ठीक नाही.

तेव्हा मात्र माझ्याच्यानं राहवेना. तिथेच, पार्किंगमध्ये, सगळं सांगितलं, फोन माझा होता, चूक माझी होती, बटणाचं मी उगाच बोललो, तुमचं डोकं शाबूत आहे सर. काकू म्हणाल्या, म्हणजे महिनाभर मी ह्यांना गोळ्या कशाच्या देतेय? सर म्हणाले, उरलेल्या ह्याला दे. आणि मग मला, आठवीतही तू उत्तर आधी लिहायचास आणि गणित नंतर वाचायचास. इतकं हसले की डोळे पुसावे लागले. मी हसलो नाही, मला रडूच आलं, पण छातीवरचा धोंडा उतरला.

अमोलला फोन मीच केला. तो माझ्यावर चिडला, ते बराबरच आहे. पण रविवारच्या माणसाला त्यानं नको म्हणून कळवलं.

आता रोज सकाळी गॅलरीखाली गाडी चालू होते, अमोलचा फोन येतो, सर मोठ्यानं सांगतात, निघालोय, दोन्ही हात स्टिअरिंगवर आहेत. मी वर चहा पीत ऐकतो. परवाना पुढच्या वर्षी पुन्हा काढायचाय, मी बरोबर जाणार आहे. देवानं त्यांची नजर अशीच ठेवावी, आणि काकूंना शेजारच्या सीटवर.